शाहिराच्या ध्वनिफितीचें पाठशोधन

मराठी पोवाड्यांचा पहिला मोठा संग्रह हॅरी अ‍ॅक्वर्थ व शंकर तुकाराम शाळिग्राम यांनीं १८९१ सालीं छापून प्रसिद्ध केला. पुढें १९२८ सालीं यशवंत नरसिंह केळकर यांचा 'ऐतिहासिक पोवाडे' हा ग्रंथ निघाला. गोंधळ्यांच्या व शाहिरांच्या मुखीं असलेलीं कवनें मिळवावयाचीं, जुनीं बाडें चाळावयाचीं, एकाच कडव्याचे निरनिराळ्या ठिकाणीं मिळालेले पाठ ताडून पाहावयाचे, आणि त्यांत ग्राह्य कोणता व त्याज्य कोणता हें ठरवावयाचें, असें हें काम होतें. या परिश्रमांमुळें कवनांचे शब्द वांचले. आवाज मात्र वांचला नाहीं. अज्ञानदासानें अफझलखानाच्या वधाचा पोवाडा कोणत्या पट्टींत म्हटला, डफावरची थाप कोठें पडे, झीलकरी सूर कोठें उचलीत, हें आज कोणासही सांगतां येणार नाहीं. हिंदुस्थानांत ध्वनिमुद्रिकांसाठीं पहिली मोठी मोहीम फ्रेड गेसबर्ग यानें १९०२ सालीं कलकत्त्यास काढली. त्यापूर्वींचे सारे शाहीर आपणांस मुके आहेत.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांतील शाहिरांची गोष्ट निराळी आहे. त्यांचा आवाज चुंबकीय फितींवर राहिला आहे, आणि त्या फिती कोणत्याही दप्तरखान्यांत नसून बहुधा लोकांच्या घरांत आहेत. घाटकोपर, विक्रोळी, भांडुप, मुलुंड, अंधेरी, बोरिवली या मुंबईच्या उपनगरांतील चाळींत, पोटमाळ्यांवर, पत्र्याच्या पेट्यांत, लग्नाच्या कॅसेटींच्या शेजारीं त्या पडून असतात. त्यांवर साल नसतें. गायकाचें नांव असलेंच तर अर्धें असतें. अशा फितींतून मूळ गायन शक्य तितकें शुद्ध स्वरूपांत परत कसें मिळवावें, आणि तसें करतांना कोठें थांबावें, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय. हें काम यंत्रज्ञाचें आहे, इतिहासाभ्यासकाचें नव्हे, असा एक समज रूढ आहे. माझ्या मतें तो बरोबर नाहीं. फीत ही एक पोथीच आहे. तिला लेखक आहे, नक्कलकार आहे, वाळवी आहे, गळालेलीं पानें आहेत. आणि पोथीप्रमाणेंच तिलाही अतिउत्साही संपादकाचें भय आहे.

प्रथम एक गोष्ट लक्षांत घेतली पाहिजे. अशा बहुतेक फिती शाहिरांच्या ऐन भराच्या काळांतील नाहींत. अण्णाभाऊ साठे, अमर शेख व द. ना. गवाणकर यांचें लाल बावटा कलापथक १९४४ सालीं निघालें. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळींत, म्हणजे १९५६ ते १९६० या वर्षांत, शाहिरी कलेस जो श्रोतृसमुदाय लाभला तसा पुढें क्वचितच लाभला. अण्णाभाऊ अनेक वर्षें घाटकोपरच्या चिरागनगरांत राहत होते व अखेरच्या काळांत गोरेगांवास गेले. परंतु त्या वेळीं टेपरेकॉर्डर ही वस्तु जड व महाग होती. ती आकाशवाणीपाशीं, चित्रपटवाल्यांपाशीं किंवा एखाद्या हौशी धनिकापाशीं असावयाची. फिलिप्स कंपनीनें कॅसेट काढली ती १९६३ सालीं. अण्णाभाऊ १८ जुलै १९६९ रोजीं वारले, आणि त्याच वर्षीं २९ ऑगस्ट रोजीं अमर शेख अपघातांत गेले. कॅसेट उपनगरांतील कामकरी घरांत पोंचली ती १९८० च्या आगेंमागें. म्हणजे यंत्र घरांत आलें तेव्हां एक पिढी संपली होती, आणि मागें उरलेले उतारवयास लागले होते. सिनेमाच्या गाण्यानें व ऑर्केस्ट्रानें त्यांचा श्रोता नेला होता. तरी जयंतीस, गणपतींत, कामगारांच्या मेळाव्यांत ते उभे राहत व गात. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) व शाहीर साबळे (१९२३–२०१५) यांच्यासारखे दीर्घायुषी कलावंत कॅसेटच्या काळांतही लोकांसमोर होते. पण ज्यांचें नांव एका वॉर्डापलीकडे राहिलें नव्हतें असेही पुष्कळ होते. कीर्ति ओसरल्यानंतरचा आवाज हाच आपणांस अनेकदां मिळणारा एकमेव आवाज होय. त्यास दुय्यम समजून 'सुधारावयास' निघणें, ही या कामांतील पहिली व सर्वांत मोठी चूक आहे.

परदेशांतील एक उदाहरण येथें उपयोगी पडेल. अमेरिकेंतील लोकगायक वुडी गथ्री (१९१२–१९६७) याचें नांव १९४० नंतरच्या कांहीं वर्षांतील ध्वनिमुद्रिकांनीं झालें. डिसेंबर १९४९ मध्यें न्यू जर्सींतील नेवार्क शहरीं एका लहानशा सभागृहांत त्याचा कार्यक्रम झाला. पत्नी मार्जोरी हिनें प्रश्न विचारावे, त्यानें बोलावें व गावें, असा प्रकार होता. श्रोत्यांपैकीं एकानें तें सारें पोलादी तारेवर मुद्रित केलें. कारण फितीपूर्वीं घरगुती मुद्रणास तार वापरीत. त्या तारा २००१ सालीं गथ्रीच्या दप्तरास मिळाल्या. तार केसासारखी बारीक असते. ती ताणली जाते, पिळली जाते, तुटते, आणि तुटली कीं गांठ मारून जोडतात. त्यामुळें आवाज सारखा वरखालीं हेलकावे खातो. जेमी हॉवर्थ व गणिती केव्हिन शॉर्ट यांनीं, मूळ यंत्रानें तारेवर नकळत उमटविलेल्या स्थिर खुणा शोधून त्यांच्या आधारें क्षणाक्षणाचा वेग सरळ केला. हें मुद्रण २००७ सालीं प्रसिद्ध झालें व दुसऱ्या वर्षीं त्यास ऐतिहासिक मुद्रणासाठीं असलेला ग्रॅमी पुरस्कार मिळाला. गथ्रीस जडलेल्या मज्जासंस्थेच्या आनुवंशिक विकाराचें निदान १९५२ सालीं झालें. कार्यक्रम त्याच्या तीन वर्षें आधींचा आहे. संपादकांनीं गाण्यांमधलें त्याचें लांबलचक बोलणें काढून टाकिलें नाहीं. वेग हा यंत्राचा दोष होता, तो दूर केला. बोलण्याची धाटणी माणसाची होती, ती राहूं दिली. माझ्या मतें सर्व विवेचनाचें मूळ या भेदांत आहे.

आतां प्रत्यक्ष कृतीकडे वळूं. फीत हातीं आल्याबरोबर ती यंत्रांत घालून वाजविण्याचा मोह आवरला पाहिजे. मुंबईची हवा दमट. फितीच्या कडेवर पांढरी बुरशी धरलेली असते, आणि तशी फीत चालविली कीं बुरशी यंत्राच्या मुखावर व तेथून पुढच्या फितीवर जाते. कॅसेटीच्या आंतील नमद्याची लहान गादी निखळलेली असते, ती नसली तर फीत मुखाशीं नीट टेकत नाहीं. स्क्रूनें उघडणारें रिकामें कवच घेऊन त्यांत फीत बदलून घालणें हा सोपा उपाय आहे. मोठ्या चक्रावरच्या जुन्या फितींना आंबूस, शिरक्यासारखा वास येत असला तर त्यांचा पाया अ‍ॅसिटेटचा असून तो कुजूं लागला आहे असें समजावें. १९७० नंतरच्या कांहीं फितींत निराळाच रोग आढळतो: चुंबकीय भुकटी धरून ठेवणारा गोंद हवेंतील ओलावा पिऊन चिकट होतो व फीत वाजतांना किंचाळते. अशा फिती पन्नास-पंचावन्न अंश उष्णतेंत कांहीं तास सुकवून तात्पुरत्या वाजवितां येतात. हाच उपाय अ‍ॅसिटेटच्या फितीस केला तर ती नष्ट होते. म्हणून रोग ओळखल्यावांचून औषध देऊं नये.

यानंतर यंत्राच्या मुखाचा कोन. घरगुती टेपरेकॉर्डरचें मुख बहुधा थोडें तिरकें बसलेलें असे. ज्या तिरक्या कोनांत मुद्रण झालें त्याच कोनांत वाजविलें तरच वरचे सूक्ष्म स्वर परत मिळतात. सरळ कोनांत वाजविल्यास आवाज घोंगडींतून आल्यासारखा येतो. एका लहान स्क्रूनें हा कोन प्रत्येक फितीस निराळा लावावा लागतो. काम क्षुल्लक दिसतें, पण पुढें संगणकावर महिनाभर खपूनही जें साधत नाहीं तें येथें पांच मिनिटांत साधतें. मग कोणतीही दुरुस्ती न करतां एक नक्कल उतरून घ्यावी. आंतरराष्ट्रीय ध्वनिसंग्रहालय संघाच्या मार्गदर्शिकेंत अशा नकलेस चोवीस बिटांचें मोजमाप व सेकंदास शक्यतों शहाण्णव हजार नमुने सुचविले आहेत. ही नक्कल म्हणजे आपली मूळ प्रत. हिच्यावर कोणीही, कधींही, कांहींही करूं नये. शोधन करावयाचें तें हिच्या नकलेवर.

वेगाचा प्रश्न हा सर्वांत कठीण, व म्हणून सर्वांत रोचक आहे. कॅसेट सेकंदास ४.७६ सेंटिमीटर या वेगानें चालावी असा नियम. पण स्वस्त यंत्रें नियम पाळीत नसत, आणि सेल उतरूं लागले कीं मुळींच पाळीत नसत. यंत्र मंद चालत असतांना मुद्रित झालेला आवाज पुढें योग्य वेगानें वाजविला कीं चढा व घाईचा ऐकूं येतो. वेगांत शेंकडा तीन इतका फरक पडला तर स्वर सुमारें अर्ध्या अर्धस्वरानें सरकतो, म्हणजे पेटीच्या दोन पट्ट्यांच्या मधोमध येऊन पडतो. तासाच्या कार्यक्रमांत जवळजवळ दोन मिनिटांचा फरक होतो. साठी उलटलेल्या गायकाचा खर्ज अशा फितींत चाळिशीचा वाटूं लागतो, आणि ऐकणारा म्हणतो, बुवांचा आवाज काय टिकला होता!

यावर पाश्चात्य तंत्रज्ञ एक युक्ति सांगतात. सभेंतील भोंग्यांतून व तारांतून विजेची बारीक घरघर फितीवर उतरलेली असते. आपल्याकडे वीज सेकंदास पन्नास आवर्तनांची. फितीवरची घरघर मोजावी. ती साडेएकावन्न भरली तर फीत शेंकडा तीन वेगानें चालली आहे, ती तेवढी मंद करावी. युक्ति सुंदर आहे, पण ती आपल्याकडे डोळे मिटून लागूं करतां येत नाहीं. कारण आपली पन्नास आवर्तनें पुष्कळ वर्षें पन्नास नव्हतीं. अंधेरी-बोरिवलीकडील वीज १९२९ सालीं स्थापन झालेली बॉम्बे सबर्बन कंपनी देई व मुलुंड-भांडुपकडील राज्य विद्युत मंडळ देई. तरी वीज कोणाचीही असो, जाळें शेवटीं एकच होतें, आणि मागणी वाढली कीं त्याचीं आवर्तनें एक-दीडनें खालीं जात व रात्रीं मागणी कमी झाली कीं वर चढत. पश्चिम विभागांत विजेच्या दराची नवी पद्धति २००२ सालीं लागू झाल्यानंतर हा चढउतार आटोक्यांत आला. तेव्हां १९८५ सालची साडेएकावन्नाची घरघर पाहून मूळ आवर्तनें पन्नासच होतीं असें म्हणतां येत नाहीं. तीं एकोणपन्नासही असूं शकतील. पहिल्या कल्पनेनें फीत शेंकडा तीन शीघ्र ठरते, दुसरीनें शेंकडा पांच.

येथें दुसरा साक्षीदार बोलवावा लागतो. तो म्हणजे कलापथकांतील पेटी. पेटीच्या पितळी जिभ्यांचा स्वर वर्षानुवर्षें फारसा हालत नाहीं. तिच्या पट्ट्यांचे स्वर फितीवर कोठें येतात हें मोजलें म्हणजे फीत किती सरकली आहे हें कळतें. परंतु पूर्ण कळत नाहीं, कारण एका अर्धस्वरानें सरकलेली पेटी पुन्हां पेटीसारखीच दिसते. अर्धस्वराचे शंभर भाग कल्पिले, तर पेटी सांगते: दोष साठ भागांचा आहे, किंवा एकशें साठांचा, किंवा उलट दिशेनें चाळिसांचा. घरघर सांगते: दोष पन्नास ते पंचाऐंशी भागांच्या दरम्यान असावा. दोघींचें बोलणें जेथें मिळतें तेथें साठ भाग हें उत्तर निघतें, आणि त्या रात्रीं विजेचीं आवर्तनें सुमारें पाऊणेपन्नास होतीं, ही आणखी एक बारीक गोष्ट हातीं लागते. जुन्या पेट्या सर्व एकाच मापाच्या नसत, हा आक्षेप खरा आहे. म्हणून त्याच पथकाची दुसरी एखादी फीत मिळाल्यास तीही ताडून पाहावी. दोन अपुऱ्या साक्षीदारांच्या जबान्या मिळवून तिसरी गोष्ट सिद्ध करणें, ही कला या मंडळींस नवी नाहीं.

घरघरीचा याहून महत्त्वाचा उपयोग निराळाच आहे. पोवाडा रंगांत आला म्हणजे शाहीर स्वर चढवीत नेतो. पेटी नसली व नुसतें डफ-तुणतुणें असलें तर अर्ध्या तासांत सूर एखाद्या अर्धस्वरानें वर गेलेला असतो. उलट सेल उतरत गेले तरी फितीवर परिणाम अगदीं हाच दिसतो. या दोहोंतला फरक कसा ओळखावा? घरघर पाहावी. गायकाबरोबर घरघरही चढत असेल तर यंत्राचा दोष, तो काढावा. घरघर जागच्या जागीं राहून गायकच चढत असेल तर ती शाहिराची जिद्द आहे, तिला हात लावूं नये. कांहीं हौशी मंडळी संगणकाकडून सर्व गायन एका पट्टींत ओढून घेतात. त्यांनीं पोवाड्याचा पोवाडेपणाच काढून टाकिला, असें म्हणण्यास प्रत्यवाय नाहीं.

एकाच कार्यक्रमाच्या दोन-तीन कॅसेटी निरनिराळ्या घरांत मिळतात, तेव्हां मूळ कोणती व नक्कल कोणती हें ठरवावें लागतें. महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीच्या निमित्तानें विष्णु सीताराम सुखटणकर यांनीं जी शिस्त घालून दिली तिचा येथें थेट उपयोग होतो. ज्या दोन प्रतींत एकच चूक एकाच ठिकाणीं आहे त्यांचा पूर्वज एक. फितीवर एखाद्या ठिकाणीं भुकटी उडून अर्धा क्षण आवाज बुडालेला असतो. तोच बुडालेला क्षण दोन कॅसेटींत एकाच शब्दावर आला तर एक दुसरीची नक्कल, किंवा दोन्ही तिसरीच्या. कॅसेटीची बाजू उलटतांना गेलेलीं कडवीं हा असाच पुरावा आहे. शिवाय प्रत्येक नकलेबरोबर त्या त्या घरच्या विजेची घरघर नव्यानें चढते. एका फितीवर दोन वेगळ्या घरघरी मोजतां आल्या तर ती निदान दुसऱ्या पिढीची आहे असें धरण्यास हरकत नाहीं, मात्र आपल्याच यंत्राची तिसरी घरघर त्यांत मिसळली नाहीं ना, हें आधीं पाहावें. चांगला आवाज देणारी प्रत तीच मूळ प्रत असें मात्र नव्हे. कोणी मागाहून खरखर काढून, तार स्वर वाढवून 'चांगली' केलेली नक्कल कानास गोड लागते, आणि पुराव्याच्या दृष्टीनें ती सर्वांत हीन असते.

खरखर काढण्याविषयीं आतां लिहितों. संगणकावरील आज्ञावलीस नुसत्या खरखरीचा एक तुकडा दाखवावा, मग ती सर्व फितींतून तितकी खरखर वजा करते, अशी सामान्य रीत आहे. पाश्चात्य गायकास ती बरी. शाहिरी गायनांत तिच्यांतून तीन अनर्थ होतात. गाणें थांबल्यावरही तुणतुणें चालूच असतें. खरखरीच्या नमुन्यांत तें आलें तर आज्ञावली तुणतुण्यासच खरखर समजून अखंड फितींतून पुसून टाकते. झांजेचा झणत्कार हा मुळांतच खरखरीचा सख्खा भाऊ. खरखर गेली कीं झांजेचें पितळ जाऊन पत्रा उरतो, आणि त्याबरोबर स, श, च हीं अक्षरेंही बोबडीं होतात. तिसरा अनर्थ हलगीचा व डफाचा. फितीवरील टिचक्या काढणारी आज्ञावली काडीच्या कडक आघातास टिचकी समजते आणि ठेका मवाळ करून ठेवते. शिवाय फार खरखर काढल्यास मागें रातकिड्यांसारखी किणकिण उरते. ती कोणत्याही सभेंत झालेली नसते; ती आपण निर्माण केलेली असते. म्हणून माझें मत असें आहे कीं खरखर अर्धीमुर्धी कमी करून थांबावें, आणि उरलेली ऐकणाऱ्याच्या कानावर सोंपवावी. कान हें काम आज्ञावलीपेक्षां चांगलें करतो.

बाहेरचे आवाज निराळे. सांताक्रूझच्या विमानतळावर पूर्वेकडून उतरणारीं विमानें घाटकोपरावरून जातात. त्यांची घुमघुम पोवाड्याच्या चार ओळी गिळून टाकते. लोकलची शिटी, महामार्गावरील भोंगे, भोंग्याची किंकाळी, लहान मुलाचें रडणें, सूत्रधाराचें मधेंच 'गाडी बाजूला घ्या' असें सांगणें: हें सर्व त्या गायनाचें स्थळ होय. तें काढूं नये. याच आवाजांनीं कित्येकदां फितीचा काळ ठरतो. घाटकोपर स्थानकाजवळच्या एखाद्या मुद्रणांत मेट्रोगाडी ऐकूं आली तर तें ८ जून २०१४ पूर्वींचें असणार नाहीं, कारण वर्सोवा-घाटकोपर मार्ग त्या दिवशीं सुरू झाला.

मात्र श्रोत्यांच्या आवाजावरून अनुमान काढतांना एक सावधगिरी अवश्य आहे. घरगुती टेपरेकॉर्डरमध्यें आवाज आपोआप कमीजास्त करणारी योजना असे. झीलकऱ्यांचा गजर झाला कीं ती आवाज दाबी. गजर थांबला कीं दोन-तीन क्षणांत पुन्हां वाढवी. परिणाम असा होतो कीं प्रत्येक कडव्यानंतर लोकांची कुजबूज हळूहळू फुगत जाते. 'या ओळीनंतर सभेंत खळबळ उडाली' असें त्यावरून लिहिणारा अभ्यासक यंत्राच्या लहरीस जनतेची लहर समजत असतो. गाण्याचे चढउतारही याच योजनेनें सपाट केलेले असतात. हळूं म्हटलेली ओळ व गर्जून म्हटलेली ओळ एकाच उंचीच्या दिसतात. हा दोष कांहीं अंशीं उलटा फिरवितां येतो, पण तेथें संपादकाचा अंदाज फार चालतो. म्हणून असें केल्यास तें नमूद केलेंच पाहिजे.

अंदाजाचा प्रश्न अलीकडे फार गंभीर झाला आहे. एकाच वाहिनीवर मिसळलेले आवाज शिकविलेल्या यंत्राकडून वेगळे करण्याची विद्या गेल्या कांहीं वर्षांत पुष्कळ पुढें गेली. १९७० नंतरच्या एका घरगुती कॅसेटींतून जॉन लेनन याचा आवाज पियानोपासून सोडवून 'बीटल्स' मंडळीनें नोव्हेंबर २०२३ मध्यें नवें गाणें काढलें, तें याच विद्येच्या बळावर. भोंग्याच्या कर्कश आवाजांतून शाहिराचा शब्द सोडविण्यास हिचा उपयोग होईल यांत शंका नाहीं. लेखनिकास न लागणारा शब्द तिनें लावून दिला तर तें मोठेंच साहाय्य होय. परंतु जेथें आवाज फाटलेला आहे, जेथें मुळांत कांहीं उरलेलेंच नाहीं, तेथें हीं यंत्रें गप्प बसत नाहींत. हजारो इतर कंठ ऐकून जें संभवनीय वाटतें तें तीं भरून टाकतात, आणि त्या हजारांत वऱ्हाडी, कोल्हापुरी किंवा उपनगरांतील वस्तीचा उच्चार किती असणार? मोडी पत्रांत गळालेलीं अक्षरें संपादक कंसांत घालतो. वाचकास कळतें कीं हें मूळचें नव्हे. आवाजाला कंस घालतां येत नाहीं. म्हणून यंत्रानें भरलेला भाग नमूद करणारें कोष्टक, मिनिट-सेकंदांसह, शोधित प्रतीबरोबर असल्याशिवाय ती प्रत पुरावा म्हणून स्वीकारूं नये, असें मला आग्रहानें सांगावयाचें आहे.

थकलेल्या आवाजाविषयीं पाहूं. बालगंधर्वांचे (१८८८–१९६७) उतारवयांतील गायन ज्यांनीं ऐकलें आहे त्यांना ठाऊक आहे कीं तेथें श्वास लवकर सरतो, पण श्वास कोठें घ्यावयाचा याची जाण तशीच असते. वृद्ध शाहिराचेंही असेंच. त्याचा दम तुटतो तेथें झीलकरी ओळ उचलतात. तो ओळ विसरतो तेथें ढोलकीवाला दोन आवर्तनें जास्त वाजवून त्यास सांवरून घेतो. एखादें कडवें गळतें, एखादें नवें जोडलें जातें. हे विराम, हा खोकला, ही विसरलेली ओळ कापून टाकिली तर गाणें सुबक होतें आणि पथक कसें चालत होतें हें कळण्याचें एकमेव साधन नाहींसें होतें. शिवाय पाठाच्या दृष्टीनें पाहिलें तर गाळलेलें कडवें हा पाठभेदच आहे. तें थकव्यानें गळलें, कीं समोरची सभा पाहून मुद्दाम गाळलें, हें त्याच विरामावरून समजतें.

या सर्वांत काय पणास लागलें आहे हें मुलुंडच्या विलास घोगरे यांच्या उदाहरणानें स्पष्ट होईल. आनंद पटवर्धन यांच्या 'हमारा शहर' या १९८५ च्या चित्रपटांत, झोपडपट्टींतील लोकांच्या जीवनावर गाणारे शाहीर म्हणून ते दिसतात. ११ जुलै १९९७ रोजीं घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरांत डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्याची विटंबना झाली. त्यानंतर जमलेल्या लोकांवर पोलिसांनीं गोळीबार केला व त्यांत दहा जण मेले. तें दुःख असह्य होऊन घोगरे यांनीं १५ जुलै रोजीं जीवन संपविलें. पुढें पटवर्धन यांनीं चौदा वर्षें चित्रण करून 'जय भीम कॉम्रेड' हा चित्रपट पुरा केला. त्यांत घोगरे यांचें पूर्वींचें गायन पुन्हां आलें आहे. तें गायन शुद्ध राहिलें, कारण तें चित्रपटाच्या निमित्तानें चांगल्या यंत्रावर घेतलें गेलें होतें व नीट जपलें गेलें. ज्यांच्या वाट्यास चित्रपट आला नाहीं अशा उपनगरांतील इतर शाहिरांचें काय राहिलें आहे? जें राहिलें आहे तें शेजाऱ्याच्या कॅसेटींत आहे. जात्यावरच्या ओव्यांचें असें संकलन हेमा राईरकर व गी पॉतवॅं यांनीं केलें, व बर्नार बेल यांच्या साहाय्यानें त्यांतील कांहींचें ध्वनिमुद्रणही झालें. त्यामुळें लक्षावधि ओव्या नांवगांवासह आज उपलब्ध आहेत. शाहिरी फितींच्या बाबतींत तसा संघटित उद्योग होणें इष्ट आहे.

अशा उद्योगांत हक्काचा विचार टाळतां येणार नाहीं. १९९४ च्या दुरुस्तीनें आपल्या कायद्यांत गायक-वादकांस आपल्या प्रयोगावर स्वतंत्र हक्क मिळाला, व १९९९ च्या दुरुस्तीनें त्याची मुदत पन्नास वर्षें झाली. कॅसेट ज्याच्या घरीं आहे तो त्या प्लास्टिकचा मालक आहे, गाण्याचा नव्हे. शाहिराच्या वारसांइतकाच झीलकऱ्यांचा व ढोलकीवाल्याचाही त्यावर कांहीं अधिकार पोंचतो, आणि त्यांचीं नांवें सांगणारे लोक अजून हयात आहेत. म्हणून फीत घेतांनाच त्या घरच्या मंडळीस समोर बसवून ती ऐकवावी व ते जें सांगतील तें टिपून घ्यावें: ढोलकीवर कोण, पेटीवर कोण, मांडव कोणत्या मैदानांत पडला होता, मधें वीज गेली तेव्हां काय झालें, बाजू उलटतांना कोणतें कडवें राहून गेलें. शोधित प्रतीची एक नक्कल त्या घरास द्यावी. आणि मूळ कॅसेटीच्या मागच्या कडेचे दोन लहान प्लास्टिकचे दांत मोडून टाकावे, म्हणजे तिच्यावर चुकून दुसरें कांहीं मुद्रित होणार नाहीं.